थांबायची जागा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागिरीच्या संध्याकाळी गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात सी विंगमधील एका सदस्यकन्येने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

अध्यक्ष काका, सचिव काका, समितीची सगळी मंडळी, आणि खुर्च्यांवर, सतरंजीवर व टाकीच्या कठड्यावर बसलेले सगळेजण. कठड्यावरच्या मुलांनी खाली उतरावं म्हणून दोन काकू मघापासून खुणा करताहेत. ते आधी करा, मग मी सुरू करते.

नोटीस बोर्डावर माझ्या भाषणाचा विषय ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ असा लागला होता. मी सचिव काकांना फोन करून म्हटलं, काका, हा नको. दुष्परिणाम सगळ्यांना पाठ आहेत. मान दुखते, डोळे चुरचुरतात, झोप उडते, पोरं पानावर फोन घेऊन बसतात. हे ऐकून कुणी फोन ठेवला, असं मी आजवर पाहिलेलं नाही. ते म्हणाले, मग काय लिहू? मी म्हटलं, ‘मोबाईलचा पडदा कोण आखतं?’ असं लिहा. त्यांनी तसं लिहिलं आणि खाली ‘तांत्रिक विषय’ अशी पुस्ती जोडली. त्यामुळे आज गच्ची रिकामी राहणार अशी माझी खात्री होती. पण मसाला दूध भाषणानंतर ठेवलंय, ही समितीची हुशारी.

मी इथे २००० साली राहायला आले तेव्हा सातवीत होते. तेव्हा लिफ्टचं काम चालू होतं आणि गच्चीला कठडाच नव्हता. पुढे मी डिझाइन शिकले. डिझाइन म्हटलं की लोकांना कपडे आठवतात. आमच्या मजल्यावरच्या आजींनी मला ब्लाउजच्या गळ्याबद्दल दोनदा विचारलंय. माझं काम वेगळं. तुमच्या फोनवर जे बटण दिसतं ते कुठे असावं, केवढं असावं, कोणत्या रंगाचं असावं, आणि ते दाबल्यावर पुढे काय व्हावं, हे ठरवणाऱ्या लोकांपैकी मी एक. २०१५ ते २०२० मी बंगळूरच्या एका कंपनीत होते. नाव सांगत नाही, गरजही नाही. आमच्या अ‍ॅपवर मराठी, हिंदी, तेलुगू अशा भाषांत सुविचार, विनोद, पाककृती, देवांचे फोटो, सकाळी पाठवायच्या शुभेच्छा असं सगळं मिळायचं. तुमच्यापैकी कित्येकांनी ते वापरलं असेल. न वापरताही त्यातली फुलं तुमच्या फोनवर आली असतील.

म्हणजे मी आज डॉक्टर म्हणून बोलत नाहीये. दुकानाच्या आत काम केलेली बाई म्हणून बोलतेय.

आपल्या जिन्याचंच बघा. दहा पायऱ्या चढल्या की एक चौक येतो आणि मग जिना वळतो. लिफ्ट एकदा दीड महिना बंद होती, जुन्या लोकांना आठवत असेल. माझी आजी तेव्हा होती. भाजीची पिशवी घेऊन ती प्रत्येक चौकात थांबायची, पिशवी खाली ठेवायची, आणि ठरवायची, की आता एकदम वर जायचं, की कुणाला हाक मारायची, की पिशवी इथेच ठेवून नंतर न्यायची. चढताना पायरीवर असा विचार करता येत नाही, पाय चालत असतात. विचार चौकात होतो. बिल्डरने आपल्यावर बरेच प्रयोग केले, पण चौक ठेवले.

पूर्वी वाचायच्या-बघायच्या प्रत्येक गोष्टीत असे चौक होते. वर्तमानपत्राला शेवटचं पान असायचं. दूरदर्शन रात्री कार्यक्रम संपवून बंद व्हायचं. इंटरनेटवरसुद्धा सुरुवातीला खाली १, २, ३ असे आकडे असायचे आणि ‘पुढचं पान’ दाबावं लागायचं. ते दाबायला जाताना माणसाला क्षणभर वाटायचं, पुरे आता.

२००६ साली एझा रास्किन नावाच्या डिझायनरने तो आकडा काढून टाकायची युक्ती शोधली. तुम्ही खाली आलात की पुढचा मजकूर आपोआप जोडला जातो. हेतू वाईट नव्हता. लोकांना तेच तेच बटण दाबायचा त्रास नको, एवढंच. पण ती युक्ती पुढे सगळ्या समाजमाध्यमांनी उचलली, आणि मग स्वतः रास्किननेच जाहीरपणे म्हटलं, की हे करायला नको होतं. यात एक गंमत आहे. या एझाचे वडील जेफ रास्किन. अ‍ॅपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प ज्यांनी सुरू केला तेच. यंत्राने माणसाशी माणुसकीने वागावं, यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलंय. वडिलांची सगळी हयात ज्यात गेली, त्याच्या बरोब्बर उलटी गोष्ट मुलाच्या हातून झाली, तीही लोकांचं भलं करायला जाऊन. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे.

दुसरी गोष्ट, पडदा बोटाने खाली ओढायचा आणि सोडायचा. सोडला की नवीन काहीतरी येतं. ही युक्ती लोरेन ब्रिक्टर नावाच्या तरुणाने २००९ साली ट्विटरसाठीच्या एका अ‍ॅपमध्ये आणली. वाण्याच्या दुकानात तो लॉटरीचा पुठ्ठा टांगलेला असायचा, आठवतोय? पैसे द्यायचे, चिठ्ठी फाडायची. बहुतेक वेळा आत काहीच नसायचं. कधी गोळी, कधी फुगा, आणि कुणालातरी एकदा क्रिकेटचा चेंडू निघाला होता. दर वेळी फुगा निघाला असता तर आपण दोन दिवसांत कंटाळलो असतो. काही निघेल की नाही ते माहीत नसतं, म्हणून हात पुन्हा पुन्हा जातो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर टोच मारणं सोडत नाही. पडदा ओढून सोडण्यात तोच पुठ्ठा आहे. फरक एवढाच, की वाण्याच्या दुकानात पैसे संपायचे.

माझी आई समोर बसली आहे. तिला विचारून हे सांगते. बाबा गेल्यावर ती दुपारी यूट्यूबवर भजन लावायची. एक भजन संपलं की आपोआप दुसरं लागायचं, मग तिसरं, आणि मग कुठल्यातरी महाराजांचं प्रवचन, मग कुणीतरी ओरडून सांगतंय की तांब्याच्या भांड्यातलं पाणी कसं प्यायचं. संध्याकाळी मी फोन केला की तिचं डोकं दुखत असायचं. मी तिला सांगायचे, आई, बंद कर ना. ती म्हणायची, “अगं, संपतच नाही, मग बंद कधी करायचं?” पाच वर्षं या विषयात काम केलेल्या मला त्या वाक्याने गप्प केलं. मी तिच्या फोनमधलं आपोआप पुढचं लागायचं बटण बंद करून दिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. आता एक भजन होतं आणि शांतता पसरते. ती म्हणते, आता संपल्याचं कळतं. कधी ती दुसरं लावते, कधी नाही लावत. पण लावते ती.

आता जे सांगायचं आहे ते मी जरा चाचरत सांगणार आहे. तुमच्यातल्या काहींना ते आवडणार नाही. आईशीही या बाबतीत मी आठवडाभर बोलत होते. ती म्हणाली, सांग.

२०१८ चा जून महिना. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज तेव्हा महाराष्ट्रभर फिरत होते. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका बाईचा फोटो आला, पाठीवर गोणी, हातात लहान मूल, आणि सोबत एक आवाजाची क्लिप. बाबांनी ते दुपारी दोनच्या सुमारास आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. वर एक ओळही लिहिली नाही. फक्त पुढे पाठवलं. पावणेपाचला बी विंगच्या फाटकाशी एक बाई आली. पाठीवर गोणी, हाताला लहान मूल.

ती फोटोतली बाई नव्हती. अकरा वर्षं आपल्याकडून रद्दी आणि भंगार नेणारी मावशी होती. मूल तिच्या मुलीचं. त्या दिवशी त्याला घरी ठेवायला कुणी नव्हतं. पंधरा-वीस माणसं जमली. कुणी गोणी ओढली, कुणी मुलाला तिच्यापासून बाजूला घेतलं आणि त्याला त्याच्या आईचं नाव विचारायला लागले. ते रडत होतं, त्याला बोलता येईना, त्यावरून लोकांची खात्री पटली. वॉचमन मधे पडला म्हणून मारापर्यंत गेलं नाही. पोलीस आले. ती दोघं रात्री नऊपर्यंत चौकीत बसून होती. तिला ओळखणारी माणसं त्या घोळक्यात होती. कोण होतं हे सांगायला मी उभी नाहीये. माझ्या घरातून मेसेज गेला, तेवढं मी सांगते.

त्यानंतर ती आपल्या सोसायटीत आली नाही. बाबा रुळांपलीकडच्या वस्तीत तीन वेळा तिला शोधायला गेले. तिसऱ्या वेळी भेटली. “आता मी त्या बाजूला येत नाही,” एवढंच म्हणाली. मेसेज आपण टाकला होता हे बाबांना तिला सांगता आलं नाही. मला मात्र त्यांनी फोनवर सांगितलं. म्हणाले, “अगं, मी काही लिहिलं नाही, बोललो नाही. नुसतं बोट लावलं.”

मी तेव्हा बंगळूरमध्ये काय करत होते? आमच्या अ‍ॅपवरची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला आधी तीनदा बोट लावावं लागायचं. आमच्या टीमने ते एकावर आणलं होतं. प्रत्येक चित्राखाली मोठं हिरवं बटण. ते बटण मी आखलं होतं. रंग, आकार, अंगठा नेमका जिथे पोचतो ती जागा, सगळं माझं. शेअर वाढले म्हणून त्याच आठवड्यात ऑफिसात केक कापला होता. बाबांनी पाठवलेला मेसेज आमच्या अ‍ॅपमधून आला नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय.

बाबांचा जुना फोन माझ्याकडे आहे. त्यात तो मेसेज अजून आहे. खाली एकतीस उत्तरं आहेत. ‘धन्यवाद काका’, ‘सावध राहा सर्वांनी’, हात जोडल्याची चित्रं. खरं आहे का, असं एकानेही विचारलेलं नाही. आणि मीसुद्धा त्या ग्रुपवर होते. मी तो मेसेज वाचला होता.

काहीच दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच माणसांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं. अफवा तीच. आपल्या फाटकापाशी जे घडलं आणि तिथे जे घडलं त्यात अंतर किती, हा प्रश्न बाबा गेले तोवर विचारत होते.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने तीन बदल केले. दुसरीकडून आलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठी लागायला लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारी पटकन पुढे पाठवायचं जे बटण असायचं ते काढून टाकलं. पाचाची मर्यादा २०१९ च्या जानेवारीत जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, त्यांनी आणखी घट्ट केलं. पाच किंवा जास्त हातांमधून फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, त्यावर दोन बाण दिसतात. कंपनीच्याच म्हणण्यानुसार असे फिरून फिरून येणारे मेसेज त्यानंतर ७० टक्क्यांनी कमी झाले.

यात काय झालं ते नीट बघा. लोक एका महिन्यात शहाणे झाले नाहीत. कुणी कुणाला उपदेश केला नाही. एक पायरी वाढवली, एवढंच. ज्याला अफवाच पसरवायची आहे तो आजही एकेक करून पाठवतो. त्याला ही मर्यादा अडवत नाही. पण आपल्यातले बहुतेक जण बाबांसारखे असतात. काळजीने, सवयीने, जेवण झाल्यावर हातात फोन आहे म्हणून बोट लावणारे. त्यांना भिंत लागत नाही, एक चौक पुरतो. ट्विटरने २०२० मध्ये असाच एक प्रयोग केला. न उघडता एखादा लेख पुढे पाठवायला गेलात की ते विचारायचं, आधी वाचायचा आहे का? पाठवायला मनाई नव्हतीच. नुसता प्रश्न. त्यांनीच सांगितलं की हा प्रश्न दिसल्यावर लेख उघडून बघणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं.

मग हे सगळे का करत नाहीत? आमच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. त्यावर सकाळपासून एकच आकडा दिसायचा, एक माणूस दिवसाला सरासरी किती मिनिटं अ‍ॅपवर असतो. तो वर गेला की सगळे खूश. जाहिराती त्यावर. त्या खोलीत वाईट माणूस एकही नव्हता. डबे खायला एकत्र बसायचो, एकमेकांच्या मुलांच्या बारशाला जायचो. पण भिंतीवर जो आकडा लावाल तोच वाढतो. तिथे ‘आज किती जणांना फोन ठेवून बरं वाटलं’ हा आकडा नव्हता. तो मोजायचा कसा, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

बाबांच्या त्या फोननंतर मी एक गोष्ट करून पाहिली. नवीन मजकूर संपला की एक कोरी जागा ठेवायची आणि त्यात लिहायचं, ‘आजचं एवढंच.’ खाली जायचं असेल तर एक छोटं बटण. साहेबांनी थोड्या लोकांवर चाचणी करायची परवानगी दिली. लोक थांबायला लागले. म्हणजे माझं डिझाइन यशस्वी झालं, आणि म्हणूनच तीन आठवड्यांत काढून टाकलं. तुम्हाला वाटेल, मी बाणेदारपणे राजीनामा दिला असेल. नाही दिला. घराचे हप्ते चालू होते. मी आणखी दीड वर्ष तिथेच होते आणि ते हिरवं बटण आणखी हिरवं करत होते.

मोठ्या कंपन्यांतही हेच दिसतं. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये ‘तुम्ही सगळं पाहून झालंय’ अशी खूण आणली. मला कोण आनंद झाला होता! म्हटलं, चला, यांनी चौक बांधला. दोन वर्षांनी त्या खुणेच्याच खाली अनोळखी लोकांच्या पोस्ट सुचवायला सुरुवात केली. म्हणजे चौक बांधला आणि तिथे स्टॉल लावला. लाईकचे आकडे लपवायचे प्रयोग त्यांनी २०१९ मध्ये केले, २०२१ मध्ये सगळ्यांना सोय दिली, पण तुमची तुम्ही जाऊन ती चालू करायची. आधीपासून चालू काय असतं? आकडे दिसणं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं गुपित हेच आहे, की फोन हातात येतो तेव्हा जे चालू असतं तेच बहुतेकांकडे शेवटपर्यंत चालू राहतं. कुणी आत जाऊन बदलत नाही. वेळेची मर्यादा लावायची सोय २०१८ पासून अ‍ॅपल आणि अँड्रॉइड दोन्हीकडे आली, चांगली आहे. पण वेळ संपल्याचा पडदा आला की मर्यादा बाजूला सारून पुन्हा आत शिरायची वाटही जवळच असते. आमच्या पोरांना ती डोळे मिटून सापडते.

आपल्या सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या पडद्यांविरुद्ध नियम केले, त्यात तेरा प्रकार दिलेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, ‘फक्त दोनच उरलेत’ असा खोटा धाक घालणं, नोंदणी रद्द करायची वाट लपवणं वगैरे. चांगलं झालं. पण ते खरेदी-विक्रीपुरतं आहे. न संपणारा पडदा त्या तेरांत नाही.

असो. एका गावाबद्दल सांगते, मग आपल्याकडे येते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनात मुलांच्या हातात शाळेसाठी फोन आले ते नंतर सुटेनात. २०२२ मध्ये गावाने ठरवलं, रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मुलं अभ्यासाला बसतात, मोठे बोलत बसतात. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आमच्या क्षेत्रातलं इतकं चांगलं काम मी पाहिलेलं नाही. एकट्याने फोन बंद केला की आपलं काहीतरी हुकतंय असं वाटत राहतं. सगळ्यांचाच बंद असला की हुकण्यासारखं काही उरत नाही. तो चौक फोनच्या आत कुणी देईना, तर त्यांनी तो गावात बांधला.

आपल्याकडे भोंगा नको. मागे आगीचा अलार्म चुकून वाजला तेव्हा डी विंगचे आजोबा शाल आणि पासबुक घेऊन खाली आले होते. पण आपला ग्रुप आहे ना, ९६ घरांचा. तोही एक पडदाच आहे, आणि त्याचं डिझाइन आपल्या हातात आहे.

आत्ता त्यात काय होतं बघा. सचिव काका लिहितात, उद्या दहा ते एक पाणी बंद. त्याखाली चाळीस जणांचं ‘ओके’. मग एक पुष्पगुच्छ, मग पार्किंगवरून वाद, मग कुणाची तरी श्रद्धांजली, आणि तिच्याखाली आधीच्याच वादाचं उत्तर म्हणून हसणारं तोंड. ज्याला पाण्याचं कळायला हवं होतं त्याला साडेदहाला साबण लावल्यावर कळतं. हा माणसांचा दोष नाही. एकाच दारातून सगळं आत येतंय, हा दोष आहे. आपला खालचा नोटीस बोर्ड आठवा. त्याला काच आहे, कुलूप आहे, आणि किल्ली एका माणसाकडे आहे. कागदावर लिहावं लागतं, सही लागते, खाली उतरावं लागतं. या पंचवीस वर्षांत त्या बोर्डावर एकही अफवा लागलेली नाही. लोकांनी मनावर दगड ठेवला म्हणून नाही. किल्ली मागायला जाईपर्यंत राग उतरतो म्हणून.

तर समितीशी मी बोलले आहे आणि त्यांनी महिनाभर करून बघायला हो म्हटलंय. सूचनांचा एक वेगळा ग्रुप, ज्यात फक्त समिती लिहू शकते. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०१८ पासून आहे, आपण वापरली नाही. वाचलं हे कळवायचं असेल तर मेसेजवर बोट दाबून धरा आणि अंगठा द्या. चाळीस ‘ओके’ वाचतील. गप्पांचा ग्रुप आहे तसा राहील, तिथे फुलं, वाढदिवस, भांडणं सगळं चालेल. फक्त एक. दोन बाणांचा मेसेज त्यात टाकायचा असेल तर वर आपल्या शब्दांत एक ओळ लिहायची, की हे मला कुठून आलं आणि मी ते का पाठवतोय. लिहिता आलं नाही तर टाकायचं नाही. आणि मेसेजमध्ये कुणाही माणसाचा फोटो असेल आणि तो चोर आहे, पळवून नेणारा आहे असं काही लिहिलेलं असेल, तर ग्रुपवर नाही, थेट अध्यक्ष काकांना फोन. फोन करून बोलायला तोंड उघडावं लागतं. बाबांना त्या दुपारी तोंड उघडावं लागलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता, “कोण सांगितलं तुम्हाला?” आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

यावर हरकती येणार हे मला माहीत आहे. मघाशी जिन्यात एका काकांनी विचारलंच, की ही मुस्कटदाबी नाही का? असू शकेल. महिन्याने बसू आणि बघू. जाच वाटला तर काढून टाकू. आमच्या कंपनीने माझी कोरी जागा काढली तेव्हा वापरणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं; इथे निदान विचारून काढू.

मी आता एका वेगळ्या ठिकाणी काम करते, दवाखान्यांच्या नंबर लावायच्या अ‍ॅपवर. तिथे माणूस जितक्या लवकर पडद्यावरून बाहेर पडेल तितकं आमचं काम चांगलं, असा हिशेब आहे. पगार कमी आहे. आईला हे आवडतं, भावाला आवडत नाही.

मसाला दूध आलंय असं दिसतंय, वेलदोड्याचा वास येतोय. दुधाच्या टेबलाशेजारी मी एक खुर्ची मांडून बसणार आहे. ज्यांना फोनमधलं आपोआप पुढचं लागणं बंद करून हवंय, लाल ठिपके आणि टिंगटिंग कमी करून हवेत, लाईकचे आकडे लपवून हवेत, त्यांनी या. चष्मा आणा. मुलांनी आजी-आजोबांच्या मागे उभं राहून ‘अहो असं नाही, असं’ करायचं नाही, त्यांचं त्यांना करू द्या, हळू होईल. आणि जुन्या लोकांपैकी कुणाला त्या मावशींचा, रद्दीवाल्या मावशींचा, ठावठिकाणा माहीत असेल तर मला बाजूला घेऊन सांगा. समितीला सुक्या कचऱ्यासाठी माणूस हवाय, आणि मला त्यांना भेटायचंय.